स्किल मॅपिंगचं एक्सेल भरून झालं, पण त्यावर माझाच विश्वास बसत नाहीये

एक्सेलग्रस्त

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी एचआरमध्ये आहे. पॅकिंगची मशिनं बनवणारी कंपनी, साधारण १४० माणसं. असेंब्ली, पॅनल वायरिंग, टेस्टिंग, सर्व्हिस, स्टोअर्स, डिझाईन असे विभाग. गेल्या वर्षी आमच्याकडचा सर्व्हो ड्राइव्ह (मशीनच्या मोटरची गती आणि जागा नेमकी सांभाळणारं कंट्रोलर) बघणारा एकमेव माणूस सोडून गेला, रीतसर नोटीस पिरियड संपवून गेला, भांडण नाही तंटा नाही, पण तो गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात एक मशीन टेस्टिंगला अडकलं. हळू चालवलं की छान, स्पीड वाढवला की ड्राइव्ह ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. सगळे नुसते भोवती उभे. शेवटी बाहेरून माणूस बोलवावा लागला.

तेव्हापासून साहेबांनी मनावर घेतलंय की आपल्याकडे कुणाला काय काय येतं ते सगळं एका जागी पाहिजे, माणसं इकडची तिकडे हलवता आली पाहिजेत, कुणीही गेलं तरी काम थांबता कामा नये. वर मला वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा २०२५ चा रिपोर्ट पाठवला, २०३० पर्यंत लोकांच्या मुख्य कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलतील असा कंपन्यांचा अंदाज आहे वगैरे. मी आपली कामाला लागले. प्रत्येक विभागप्रमुखाकडून यादी मागवली, सगळ्या याद्या जोडल्या, २१२ कॉलम झाले. मग विभागवार फॉर्म काढून प्रत्येकाला स्वतःला १ ते ५ मार्क द्यायला सांगितले. दोन महिने लोकांच्या मागे फिरून फिरून आता शीट पूर्ण भरलीये.

आणि गंमत बघा. 'सर्व्हो ड्राइव्ह' या कॉलममध्ये अकरा जणांनी स्वतःला ४ किंवा ५ दिलेत. अकरा! मग मशीन अडकलं होतं तेव्हा हे अकरा जण होते कुठे? एकाला विचारलंच. तो म्हणाला, "मॅडम, मला ड्राइव्ह बदलता येतो. जुना काढायचा, नवा बसवायचा, वायरी होत्या तशा लावायच्या. ट्यूनिंग, म्हणजे मशीनला जुळेल अशी सेटिंग लावणं, मला कुठे येतं?" त्याचं तरी काय चुकलं, कॉलमला नाव मीच दिलं होतं.

याच्या उलट, स्टोअर्समधला एक जण आधीच्या नोकरीत तीन वर्षं ड्राइव्हचं कमिशनिंग, म्हणजे नवा ड्राइव्ह जुळवून चालू करून देण्याचं काम, करत होता. हे मला लिफ्टमध्ये गप्पा मारताना कळलं! त्याच्या फॉर्मवर तो कॉलमच नव्हता.

तर आता विचारायचं असं की कॉलम किती बारीक करायचे, मार्क कुणी द्यायचे, आणि मुळात हे सगळं करून माणसं खरंच हलवता येतात का, का आपले नुसते कागदी घोडे नाचवायचे?

---

तिसरी_पाळी

फॉलो करतेय. आमच्याकडे पण अशीच शीट आहे, फक्त ऑडिटच्या आदल्या आठवड्यात उघडते.

---

जुना_फोरमन

२१२ वाचून मलाच घाम फुटला.

मी तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. आमच्याकडे प्रत्येक लाइनला भिंतीवर एक तक्ता असायचा, एका बाजूला माणसांची नावं, वरच्या बाजूला कामं, आणि प्रत्येक घरात एक खूण. मार्क नाहीत, खूण. चौकोनाची एक बाजू काढली की इंग्रजी आय (I), म्हणजे शिकतोय, कुणीतरी शेजारी उभं लागतं. दोन बाजू झाल्या की एल (L), काम येतं पण वेळ जास्त लागतो. तीन बाजू म्हणजे यू (U), एकटा करतो, वेळेत करतो, काम परत येत नाही. आणि चौकोन बंद झाला की ओ (O), म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आयएलयूओ म्हणतात त्याला, अजूनही बऱ्याच कारखान्यांत आहे, शब्दांची व्याख्या जागोजागी थोडी वेगळी असते पण गाभा हाच. यात गंमत अशी की माणूस भिंतीसमोर उभा राहून स्वतःच्या नावापुढे खोटा चौकोन काढू शकत नाही, कारण शेजारचा हसतो.

आता तुमच्या कॉलमचं. 'सर्व्हो ड्राइव्ह' हे वस्तूचं नाव झालं. कौशल्य लिहायचं तर क्रियापद लागतं. ड्राइव्ह बदलून जुने पॅरामीटर (सेटिंग) चढवणे, हे एक. नवीन मोटरला ऑटो ट्यूनिंग करणे, हे दुसरं. फॉल्ट कोड बघून बिघाड ड्राइव्हचा, मोटरचा का मेकॅनिकल जॅमचा हे ओळखणे, हे तिसरं. आणि स्पीडला ट्रिप होतोय म्हणून रॅम्प (वेग किती झपाट्याने वाढवायचा) आणि गेन (ड्राइव्हने चूक किती जोरात सुधारायची) हाताने जुळवणे, हे चौथं. तुमच्या त्या अकरा जणांना पहिलं येतं, तुमचं मशीन चौथ्यावर अडकलं होतं.

पण म्हणून सगळेच २१२ असे फोडायला जाल तर हजार होतील, मारुतीच्या शेपटासारखं वाढतच जाईल. फोडायचं फक्त तिथे जिथे घोडं पेंड खातं. ते कुठे खातं हे कसं कळणार? सोपं आहे, विभागप्रमुखांना कौशल्यांची यादी मागूच नका. त्यांना विचारा, गेल्या सहा महिन्यांत कोण रजेवर असताना तुम्ही त्याला फोन केला आणि कशासाठी केला? त्या फोनांची यादी करा. हाच तुमचा खरा नकाशा, बाकीचं नंतर बघू.

आणि मार्कांच्या जागी एक तारीख लिहून घ्या, 'हे काम शेवटचं कधी केलंत आणि कुठल्या मशीनवर'. ४ का ५ यावर माणूस अर्धा तास विचार करतो, तारीख आणि मशीन नंबर म्हटलं की दोन मिनिटांत खरं बाहेर येतं. वर ज्याच्याकडे ते काम पुढे जातं त्याला विचारा. वायरिंग कुणाचं चांगलं हे वायरिंगच्या साहेबापेक्षा टेस्टिंगवाल्याला जास्त माहीत असतं, कारण उलटी लागलेली वायर तोच शोधत बसतो.

---

झाकली_मूठ

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. म्हणजे फॉर्म भरणाऱ्यातला.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच फॉर्म आला. मी अकाउंट्समध्ये, पण डेटाबेसमधून रिपोर्ट काढायला मला येतं, आवड म्हणून शिकलो होतो. प्रामाणिकपणे लिहिलं. महिन्याभरात तीन विभागांचे रिपोर्ट माझ्या गळ्यात. आधीचं काम तसंच्या तसं, पगार तसाच्या तसा, आणि वर्षअखेरीला अप्रेझलमध्ये शेरा काय तर 'मूळ कामाकडे लक्ष कमी पडतंय'. पुढच्या वर्षी फॉर्म आला तेव्हा सगळीकडे २ लिहून मोकळा झालो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही.

आणि दुसरी भीती जी कुणी बोलत नाही. मला जे येतं ते अजून चौघांना येतं असं शीटवर दिसलं की उद्या पाचातला एक कमी करायला ती शीटच पुरावा होणार. मॅडम तुमच्या मनात तसं नसेलही, पण शीट तुमच्या मनात राहणार नाही ना, ती साहेबांच्या लॅपटॉपवर राहणार. त्यामुळे फॉर्म वाटायच्या आधी हे लेखी सांगा की ही माहिती कोण बघणार, कशाला वापरणार आणि कशाला वापरणार नाही. आणि दुसऱ्या विभागात मदतीला पाठवलं तर मूळ कामातले किती तास कमी होणार. एवढं एक पान द्या आणि मग बघा फॉर्ममध्ये काय काय निघतं ते.

---

एक्सेलग्रस्त

@झाकली_मूठ लागलं हो. आमच्याकडे तोंडी सांगितलंय की फक्त ट्रेनिंगसाठी आहे. लेखी काही नाही. उद्याच साहेबांना गाठते.

@जुना_फोरमन रजेवरच्या फोनची आयडिया भन्नाट आहे. पण एक शंका, वायरिंग आणि असेंब्लीला आयएलयूओ ठीक, पण डिझाईन, खरेदी, सर्व्हिस कोऑर्डिनेशन यांना चौकोन कसा काढायचा? तिथे तर 'वेळेत आणि बिनचूक' असं काही मोजताच येत नाही.

---

तिरकी_रेघ

याला मी उत्तर देते, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमच्याकडे सगळंच न मोजता येणारं.

आयटीवाल्यांसाठी एसएफआयए नावाची एक चौकट आहे, २००० सालापासून आहे. त्यात सात पातळ्या आहेत आणि मला आवडलेली गोष्ट ही की पातळी ठरते ती मुख्यतः जबाबदारीवर. सगळ्यात खाली सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करतो, मग मदतीने करतो, मग आपलं काम आपण आखून करतो, मग इतरांच्या कामाची जबाबदारी घेतो, असं करत वर पार कंपनीची दिशा ठरवण्यापर्यंत. डिझाईनवाल्याला 'तुला डिझाईन किती येतं' विचारलं तर तो काय सांगणार? त्यापेक्षा 'कुठल्या ड्रॉइंगवर तुझी सही झाली की पुढे कुणी तपासत नाही' असं विचारा. लगेच कळतं.

तयार याद्यांबद्दल पण सांगते कारण कुणीतरी तुम्हाला त्या सुचवणारच. युरोपियन कमिशनची ईएससीओ म्हणून यादी आहे, तेरा हजारांच्या वर कौशल्यं आणि तीन हजारांच्या आसपास व्यवसाय. अमेरिकेच्या लेबर डिपार्टमेंटची ओनेट आहे, नऊशेच्या वर व्यवसायांची माहिती. दोन्ही फुकट, दोन्ही चांगल्या. पण त्या शब्दकोशासारख्या वापरायच्या, एखाद्या कामाला नेमका शब्द सापडत नसेल तर बघायच्या. अख्खी यादी आणून शीटवर ओतलीत तर २१२ चे २१०० होतील आणि तुमच्या मशीनचा रॅम्प कुठे जुळवायचा हे त्यात तरीही नसेल.

हल्ली सॉफ्टवेअर पण विकतात, लोकांचे बायोडेटा, प्रोजेक्ट, तिकिटं (अडचणींच्या नोंदी) वाचून एआय आपोआप कौशल्यं काढून देतं म्हणे. आम्ही वापरलं. ज्याने एखाद्या विषयावर सगळ्यात जास्त तिकिटं लिहिली तो त्या विषयातला तज्ज्ञ निघाला. प्रत्यक्षात तो बिचारा तो प्रश्न सुटत नाही म्हणून सारखं लिहीत होता. १४० माणसांच्या कंपनीत त्यापेक्षा लिफ्टमधल्या गप्पा बऱ्या, तुम्हाला अनुभव आहेच.

---

गणितवेडा

सगळे नकाशा काढण्यावरच बोलताय, पण तिसरा प्रश्न तसाच राहिला, माणसं हलवता येतात का. मला वाटतं खरी मजा तिथेच आहे.

साहेब लोकांची कल्पना असते की सगळ्यांना सगळं आलं पाहिजे. ते होत नाही आणि गरजही नाही. जनरल मोटर्समधले जॉर्डन आणि एमआयटीचे ग्रेव्हज यांचा १९९५ सालचा एक गाजलेला पेपर आहे, तो माणसांवर नाही, कार प्लांटवर आहे. दहा प्लांट, दहा मॉडेल, कुठलं मॉडेल किती खपेल माहीत नाही. प्रत्येक प्लांटला सगळी मॉडेल बनवता आली तर १०० जोडण्या लागतात. त्यांनी दाखवलं की प्रत्येक प्लांटला फक्त दोन मॉडेल येऊ दे, म्हणजे २० जोडण्या, पण त्या अशा लावा की सगळ्यांची मिळून एक बंद साखळी होईल, तर जवळजवळ शंभर जोडण्यांइतकाच फायदा मिळतो. नंतर हाच विचार माणसांना दुसरं काम शिकवण्यासाठीही वापरला गेला.

तुमचंच उदाहरण घेऊ. असेंब्लीवाल्यांना जोडीला वायरिंग शिकवा, वायरिंगवाल्यांना टेस्टिंग, टेस्टिंगवाल्यांना सर्व्हिस, सर्व्हिसवाल्यांना स्टोअर्स, स्टोअर्सवाल्यांना असेंब्ली. कडं पूर्ण झालं. आता समजा सर्व्हिसला कॉलचा पूर आलाय आणि स्टोअर्समध्ये हात रिकामे आहेत. स्टोअर्सवाल्याला सर्व्हिसचं ओ की ठो येत नाही. तरी चालतं! स्टोअर्सवाला असेंब्लीत जातो, असेंब्लीतला एक वायरिंगला, वायरिंगमधला टेस्टिंगला, टेस्टिंगमधला सर्व्हिसला. प्रत्येक जण एकच पायरी सरकला, आपल्या दुसऱ्या कामावर गेला, आणि रिकामा हात कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकाला पोचला.

बहुतेक ठिकाणी काय करतात तर जोड्या लावतात. असेंब्लीवाल्याला वायरिंग आणि वायरिंगवाल्याला असेंब्ली. शिकवायचा खर्च तेवढाच, माणशी एक जादा काम, पण दोन्हीकडे एकदम गर्दी झाली की जोडी बुडाली, बाहेरून मदत यायला वाटच नाही. त्यामुळे शीट भरून झाली की मार्कांची बेरीज करत बसू नका. कागदावर विभागांचे गोल काढा, कुणाला दुसरं काय येतं त्याचे बाण काढा, आणि कड्याला भेग कुठे आहे ते बघा. ट्रेनिंगचे पैसे त्या भेगेवर.

---

तिरकी_रेघ

@गणितवेडा मस्त. फक्त साखळी लावताना शेजार बघा. वायरिंगवाला ड्रॉइंग वाचतोच, त्याला टेस्टिंग जवळचं. खरेदीतल्या माणसाला टेस्टिंगला पाठवणं म्हणजे दोघांच्या डोक्याला ताप.

---

जुना_फोरमन

साखळी पटली. आम्ही हे नाव न देता करायचो. पण साखळीला गंज चढतो त्याचं काय?

दुसरं काम शिकवलं, तक्त्यावर खूण झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तो माणूस परत आपल्या जागी जाऊन बसला तो वर्षभर. गरज पडली तेव्हा हात चालेना. वेल्डरचं बघा, एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे एखाद्या प्रोसेसने (वेल्डिंगच्या पद्धतीने) सहा महिने वेल्डिंग केलंच नाही की त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं, परत टेस्ट. कागदावर 'येतं' असं एकदा लिहिलं की ते कायमचं येतं असं तिथे कुणी धरतच नाही. तुम्हीही धरू नका. आमचा नियम होता, दुसऱ्या कामावर पंधरवड्यात एक दिवस जायचंच, लाइन रिकामी असो वा भरलेली, आणि सहा महिने गेला नाही तर चौकोनाची एक बाजू पुसायची. पुसायला माझा हात कचरायचा, पण पुसायचो. ज्याची पुसली तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारायला यायचा, कधी पाठवताय म्हणून.

आणि शिकवणाऱ्याला वेळ द्या हो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून कार्यक्रम निघाला होता. त्यात शिकवायला उभं राहण्याआधी करायची गोष्ट होती वेळापत्रक, कोण, कुठलं काम, आणि कुठल्या तारखेपर्यंत. तारीख नसलेला तक्ता म्हणजे नुसती भिंतीची शोभा.

---

एक्सेलग्रस्त

तीन आठवड्यांनी परत आलेय. सांगायलाच हवं.

एक, लेखी पान निघालं. साहेबांनी 'मनुष्यबळ कमी करण्यासाठी ही माहिती वापरली जाणार नाही' ही ओळ दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा सही केली. त्यानंतर फॉर्म परत उघडला तर सतरा जणांनी स्वतःहून नव्या गोष्टी लिहिल्या. @झाकली_मूठ, थँक्यू.

दोन, २१२ चे ३८ कॉलम केले. रजेवरच्या फोनांची यादी काढली, त्यात नऊ कामं अशी निघाली की जी एकाच माणसाला येतात. त्यातल्या चार कामांचं नावही जुन्या शीटवर नव्हतं.

तीन, गोल आणि बाण काढले. टेस्टिंग ते सर्व्हिस बाण आहेत, असेंब्ली ते वायरिंग भरपूर आहेत, वायरिंगमधून टेस्टिंगला एकच. तिथे दोन जण टाकलेत, पंधरवड्यात एक दिवस, तारखांसकट.

आणि आता खरी गोष्ट. त्या स्टोअर्समधल्या माणसाला मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, तुमचं ड्राइव्हचं काम आम्हाला उपयोगी पडेल, आठवड्यातून एक दिवस टेस्टिंगला याल का? तो म्हणाला, "येईन की, आवडेल मला. पण त्या दिवशी स्टोअर्सची किल्ली कुणाकडे देऊ?" मी म्हटलं शेजारच्याकडे द्या. तो नुसता हसला. मग मला आत घेऊन गेला. एकाच मापाचे दिसणारे बेअरिंगचे तीन डबे, लेबल एकच, पण एक पुरवठादार बदलायच्या आधीचा लॉट, एक नंतरचा आणि एक परत पाठवायचा. कुठला कशाला द्यायचा ते कुठेही लिहिलेलं नाही, त्याच्या डोक्यात. असे किती डबे आहेत विचारलं तर म्हणाला, मोजले नाहीत कधी.

नऊ नाही, दहा कामं निघाली म्हणायची. स्टोअर्सला मी २१२ पैकी दोन कॉलम दिले होते, 'माल घेणे' आणि 'माल देणे'.

---

जुना_फोरमन

मग त्याला टेस्टिंगला पाठवायच्या आधी एक माणूस चार दिवस त्याच्या मागे वही घेऊन फिरवा. डब्यांपासून सुरुवात. आणि तो सांगेल ते लिहायचं, आपल्या मनाने लेबल बदलायची नाहीत.

---

एक्सेलग्रस्त

सोमवारपासून मीच फिरते.